सहापैकी तीन

‘पेशंटचा स्कोअर तीन येतोय,’ असं त्या तरुण डॉक्टरने माझ्या बाबांबद्दल सांगितलं तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. मी विचारलं, ‘कितीपैकी?’ तो म्हणाला, ‘सहापैकी.’ मी वीस वर्षं शाळेत गणित शिकवते. सहापैकी तीन म्हणजे निम्मे, पास होण्यापुरते तरी झाले, असं क्षणभर डोक्यात येऊन गेलं. मग तो पुढे म्हणाला, ‘या स्कोअरला तीस दिवसांत बहात्तर टक्के मॉर्टॅलिटी असते.’ आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला मॉर्टॅलिटी, म्हणजे मृत्यूचं प्रमाण, कळलं नाही, बहात्तर टक्के कळलं. ती माझा हात धरून म्हणाली, ‘बहात्तर टक्के म्हणजे चांगलंच आहे ना गं?’

तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. आजही सुचत नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं काम बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून नोकरी गेलेली, त्यामुळे पंप, नळी, ताट्या सगळं त्यांच्या हातचं. त्या दिवशी साडेसातला डाव्या हातातून नळी सुटली. अंगणभर पाणी झालं तरी बाबा तसेच उभे. आईने विचारलं, ‘काहून जी, नळी कामून सोडली?’ ते वळले तर तोंड एका बाजूला उतरलेलं. मी मानेवाड्याला राहते, फोन आल्यावर दहा मिनिटांत रामेश्वरीला आईबाबांकडे पोचले. तोवर त्यांना उलटी झाली होती आणि हाका मारून डोळे उघडेनासे झाले होते. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि आम्ही धंतोलीतलं हॉस्पिटल गाठलं.

कॅज्युअल्टीत बीपी निघालं २२०/१२०. बीपीची गोळी होळीपासूनच बंद होती, हे मला त्या रात्री कळलं. ‘बरं वाटून राहिलं तर गोळी कशाले,’ असं आईला सांगून त्यांनी ती परस्पर सोडली होती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, खोलवर, रक्तस्राव दिसला. ते रक्त मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्येही उतरलं होतं.

त्या तरुण डॉक्टरच्या हातात एक कागद होता. पुढची ट्रीटमेंट चालू ठेवायची की पेशंटला घरी न्यायचं, याचा तो कागद. त्याने काही चुकीचं सांगितलं असं मी म्हणणार नाही, तो स्वतःही दमलेला दिसत होता. पण कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या, रडणाऱ्या माणसांपुढे एक आकडा ठेवायचा, त्याला लागूनच एक टक्केवारी आणि तिला लागून सहीची जागा, ही रीत वाईट आहे. मामा म्हणाले, ‘बाई, उगाच त्यांच्या जिवाचे हाल कशाला करायचे?’ मामांचं प्रेम कमी नव्हतं. बहात्तर हा आकडाच त्यांच्या तोंडून बोलत होता. पुण्याहून भावाचा फोन आला, ‘मी निघालोय. मी येईपर्यंत कशावर सही करू नको.’ मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सांगितलं, ट्रीटमेंट चालू ठेवा, सकाळी बोलू.

सकाळी न्यूरोच्या मॅडम आल्या. मी त्यांना सरळच विचारलं, ‘हे तीन कुठून आले ते मला दाखवाल का?’ मी काय करते ते त्यांनी विचारलं. गणित शिकवते म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग या आत. चप्पल काढून या.’

पुढची वीस मिनिटं मी विसरणं शक्य नाही.

त्यांनी आधी बाबांना मोठ्याने हाक मारली. डोळे उघडले नाहीत. मग त्यांनी बाबांच्या भुवईच्या हाडावर अंगठा ठेवून जोरात दाबलं. मला संताप आला, या अवस्थेतल्या माणसाला कुणी असं दुखवतं का? पण दाबल्याबरोबर बाबांच्या पापण्या किलकिल्या झाल्या, घशातून एक कण्हण्याचा आवाज आला आणि उजवा हात चादरीवरून उचलला गेला. तो हात हळूहळू, वाट शोधत, मॅडमच्या अंगठ्यापर्यंत पोचला आणि तो ढकलू लागला. डावा हात तसाच पडून होता. मॅडम म्हणाल्या, ‘दुखल्यावर डोळे उघडले, दोन गुण. शब्द नाही, नुसता आवाज, दोन गुण. आणि दुखतंय कुठे ते हाताने बरोबर शोधून काढलं, याचे पाच. एकूण नऊ.’ आयुष्यभर गाडीच्या इंजिनात बिघाड कुठे आहे ते चाचपून शोधणारा तो हात. त्या पाच गुणांना मी बाहेर जाऊन रडले नाही, तिथेच रडले.

हे मोजमाप ग्लासगो कोमा स्केलचं. ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ते मांडलं. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. जगातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीतून कुठल्याही आयसीयूत फोन केला आणि ‘नऊ’ म्हटलं की पलीकडच्याला पेशंट डोळ्यांपुढे दिसतो, एवढी ही भाषा रुळलेली आहे.

पण सहापैकी तीन हा स्कोअर वेगळा. त्याला आयसीएच (इंट्रासेरेब्रल हेमरेज, म्हणजे मेंदूतला रक्तस्राव) स्कोअर म्हणतात आणि त्यात पाच गोष्टी बघतात. ग्लासगोचे गुण तीन किंवा चार असतील तर दोन, पाच ते बारा असतील तर एक, तेरा किंवा वर असतील तर शून्य. बाबांचे नऊ, म्हणून एक. रक्ताची गाठ ३० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर एक. रक्त पोकळ्यांत उतरलं असेल तर एक. रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे लहान मेंदूत किंवा श्वास चालवणाऱ्या देठात झाला असेल तर एक. वय ऐंशी किंवा वर असेल तर एक. बाबांचा रक्तस्राव वरच्या भागात होता, वय ७१. शेवटच्या दोन्ही ठिकाणी शून्य. इथे गुण जितके जास्त तितकं वाईट, हेही मला तेव्हाच कळलं. रात्रभर मी ते उलटं धरून बसले होते.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर सीटी उघडला. काळ्या-करड्या मेंदूत पांढरा, ओबडधोबड डाग. रक्त सीटीत पांढरं दिसतं. सीटीत मेंदू एकावर एक आडव्या कापांमध्ये दिसतो. मॅडमनी सगळ्यात मोठा डाग दिसेल तो काप निवडला आणि पडद्यावर रेघ ओढली, लांबी ५ सेंटिमीटर. तिला काटकोनात दुसरी रेघ, रुंदी साडेतीन. उंचीसाठी काप मोजायचे. एकेक काप ५ मिलिमीटर जाडीचा. ज्या कापांत डाग मोठा तो पूर्ण धरायचा, मध्यम असेल तर अर्धा, अगदी बारीक असेल तर सोडून द्यायचा. बाबांचे सहा पूर्ण आणि चार अर्धे, म्हणजे आठ काप, ४ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून निम्मे करायचं, ३५ मिलिलिटर. निम्मे का, ते मला न सांगता कळलं. लंबगोलाचं घनफळ काढताना तिन्ही व्यासांच्या गुणाकाराला ‘पाय’ने (π) गुणून सहाने भागावं लागतं आणि ते जवळपास अर्ध्याइतकंच येतं. १९९६ पासून ही रीत चालत आली आहे.

मी बोटांवर आकडेमोड केली आणि विचारलं, ‘आणि ते चार अर्धे काप धरलेच नसते तर?’ त्या म्हणाल्या, ‘तर सव्वीसच्या आसपास आलं असतं. तीसच्या खाली, म्हणून शून्य. स्कोअर दोन.’ आणि दोनला किती टक्के? सव्वीस टक्के.

मी तिथेच स्टुलावर बसले. दोनला २६ आणि तीनला ७२. शून्य गुणाला एकही मृत्यू नाही, एकला १३ टक्के, दोनला २६, मग एकदम ७२, चारला ९७ आणि पाचला १००. दोन आणि तीनच्या मध्ये एवढी मोठी दरी, आणि त्या दरीच्या काठावर चार अर्धे काप! मॅडम माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, ‘रक्त तेवढंच आहे, मॅडम. तुम्ही कसंही मोजा.’ मला त्यांचं ते वाक्य कडू लागलं, पण ते खरं होतं. मोजणाऱ्याच्या रेघेने बाबांच्या डोक्यातला एक थेंबही कमी-जास्त होणार नव्हता.

मी मग ७२ टक्के कशाचे ते विचारलं. वर्गात मी पोरांना नेहमी सांगते, शेकडा ऐकला की आधी विचारा, कितीपैकी. दहावीला संभाव्यता शिकवताना पहिल्या दिवशी हेच वाक्य असतं. त्या रात्री ते मलाच आठवलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या हेमफिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ पेशंटांवरून हा स्कोअर २००१ साली मांडला. त्यातल्या तीन स्कोअरवाल्यांची संख्या ३२. त्या बत्तीसमधले २३ महिन्याच्या आत गेले. बत्तीसला २३ म्हणजे ७२ टक्के. राहिलेले नऊ जगले.

नऊ माणसं. टक्क्यात ती दिसत नव्हती. बत्तीस म्हणजे माझ्या एका तुकडीपेक्षाही कमी. त्यातली नऊ पोरं उठून घरी जाताहेत असं मला चक्क डोळ्यांसमोर दिसलं.

यानंतर मॅडम जे बोलल्या ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले. त्या म्हणाल्या, जे गेले त्यातले काही का गेले, तेही बघावं लागतं. ‘आता काही होणार नाही’ असं डॉक्टरला वाटतं, घरच्यांना वाटतं, मग ट्रीटमेंट हात आखडून होते किंवा थांबते, आणि पेशंट जातो. मग तो मृत्यू त्या स्कोअरच्या खात्यात जमा होतो आणि पुढच्या पेशंटच्या नातेवाइकांना स्कोअर आणखी खरा वाटतो. खुद्द हेमफिल यांनीच पुढे २००४ साली दाखवून दिलं की ज्या हॉस्पिटलांत पहिल्याच दिवशी ‘हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करू नका’ असं लिहून घेण्याचं प्रमाण जास्त, तिथे असे पेशंट जास्त दगावतात. अमेरिकेतल्या स्ट्रोकच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आता स्पष्ट लिहिलं आहे की असे निर्णय निदान दाखल झाल्याच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावेत. ‘आपल्याकडे ते लिहून घेणं फारसं नसतं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आपल्याकडे माणसं पेशंटला घरी घेऊन जातात.’

माझ्या पर्समध्ये तो घडी घातलेला कागद होता.

दुपारी भाऊ पोचला. मामांनी विचारलं, डोकं उघडून रक्त काढून का टाकत नाहीत? मॅडमनी तेही बसून सांगितलं. गाठ खोल आहे, तिथवर जायचं तर चांगला मेंदू कापत जावं लागतं. २००५ साली हजारावर पेशंटांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, या दोन गटांत एकूण फरक निघाला नव्हता. आत्ता बीपी १४० च्या आसपास आणणं, साखर आणि ताप आवरणं आणि दुसरा सीटी करून गाठ वाढत नाही ना ते बघणं, हेच खरं काम. दुसऱ्या सीटीत गाठ वाढली नव्हती. पण पोकळ्यांत रक्त साकळून पाण्याचा दाब वाढत होता, म्हणून कवटीला छोटं छिद्र पाडून नळी बसवली. त्या नळीतून बाटलीत उतरणारं लालसर पाणी आई तासन्तास काचेतून बघत बसायची आणि प्रत्येक नर्सला विचारायची, ‘आज रंग फिका आहे ना जी?’

आयसीयूबाहेरच्या बाकांवर माणसं ओळखीची होतात. आमच्या शेजारी कामठीची एक ताई बसायची. तिच्या नवऱ्याचं वीज कोसळल्यासारखं अचानक डोकं दुखलं आणि तो खाली बसला होता. मेंदूच्या आवरणाखाली, शिरेवरचा फुगा फुटून झालेला रक्तस्राव. त्याला वेगळी श्रेणी असते, हंट आणि हेस यांची १९६८ सालची, एक ते पाच. त्याची दोन होती. ती मला म्हणाली, ‘तुमचे तीन, आमचे दोन. देव करो नि तुमचेही दोन होवोत.’ दोन्ही मापं वेगळी आहेत, किलो आणि लिटरसारखी, हे मला माहीत झालं होतं. मी तिला सांगितलं नाही. तिचा नवरा शुद्धीत होता, बोलत होता, दुसऱ्या दिवशी प्रोसिजर ठरली होती. त्याच रात्री तो फुगा पुन्हा फुटला. पहिल्या चोवीस तासांत ती भीती सर्वांत जास्त असते असं नंतर कळलं. पहाटे ती ताई जाताना तिचा डबा माझ्याजवळ विसरून गेली. तो मी अजून ठेवला आहे. पत्ता माहीत नाही.

त्यानंतर मी त्या बाकावर कुणाला आमचा स्कोअर सांगितला नाही.

पण स्कोअर नकोच, असं माझं म्हणणं नाही. त्या तीनमुळेच आम्हाला समजलं की हे दोन दिवसांत घरी नेण्याचं दुखणं नाही. भावाने रजा वाढवली, मी उन्हाळी वर्गांना नाही म्हटलं, पैशांची सोय वेळेत केली. रात्रीची ड्युटी बदलली की नवा डॉक्टर ‘नऊ होते, आज दहा आहेत’ म्हणायचा आणि मला त्या एका गुणात आदल्या दिवसाचा हिशोब कळायचा. पाचव्या दिवशी हाकेला डोळे उघडले, दहा झाले. नवव्या दिवशी न्यूमोनिया झाला आणि पुन्हा सात. त्या चार दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. अठराव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं ‘बाबा, मी आली’ म्हटलं आणि ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘कूलर.’

‘काय बाबा?’

‘कूलरमध्ये पाणी.’

तिसावा दिवस मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. त्या दिवशी ते जनरल वॉर्डात होते, नाकात नळी, डावी बाजू पूर्ण लुळी. बाहेर पाऊस सुरू झाला होता. बत्तीसमधल्या नऊत ते होते. पण त्या स्कोअरचं काम तीस दिवसांवर संपतं. माणूस जगला की गेला एवढंच त्याला विचारायचं असतं. कसा जगला, ते बघायला रँकिन नावाची दुसरी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मृत्यू. डिस्चार्जच्या दिवशी बाबा पाचवर होते. मॅडमनी सांगितलं होतं की असे पेशंट वर्षभर सुधारत राहतात, तीन महिन्यांनी थांबू नका. आम्ही थांबलो नाही. रोज सकाळी फिजिओथेरपीचा मुलगा यायचा, संध्याकाळी मी किंवा आई. वर्ष झालं तेव्हा कुणीतरी धरलं की ते अंगणापर्यंत चालायला लागले होते. म्हणजे चार. पाचाचे चार व्हायला आमच्या घराचे अकरा महिने लागले.

मामा कधीमधी विचारतात, ‘भाऊजींचे हाल होऊन राहिले का गं?’ होतात. बाबा चिडतात, मधेच रडतात, आईला बाथरूमपर्यंत त्यांचं सगळं वजन घ्यावं लागतं आणि तिची कंबर गेली आहे. हे मी लपवत नाही. ज्यांनी घरी न्यायचं ठरवलं असेल त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मला फक्त एवढं हवं होतं की ते पहिल्या रात्री, उभ्याउभ्या ठरू नये.

घरी आल्यावर एक वेगळंच सुरू झालं. बाबा रोज जेवताना म्हणायचे, ‘आज लिंबू नाही वाढलं? चटणी केलीच नाही का?’ आई सांगायची, ‘वाढलं आहे जी, समोरच तर आहे.’ तिला वाटायचं त्यांची नजर गेली. मॅडमना विचारलं तेव्हा कळलं की नजर शाबूत आहे, उजव्या मेंदूला मार बसल्याने त्यांना जगाची डावी बाजू लक्षातच येत नाही. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर सगळं डावीकडे वाढतात. बाबा भाजी, वरण, अर्धा भात खाऊन ताट सरकवायचे, आणि डावीकडचा अर्धा भात सरळ रेघ मारल्यासारखा तसाच राहायचा.

आई आता अर्धं जेवण झालं की काही न बोलता ताट फिरवते. मग लिंबू उजवीकडे येतं, आणि बाबा रोज नव्याने म्हणतात, ‘हे होतं का? सांगितलं काहून नाही?’